एकशे चौऱ्याऐंशी खुंट्या

"एकशे सत्तावीस!" शेवटच्या खुंटीवर बोट टेकवून येर्को ओरडला. "तिसऱ्यांदा मोजले. तिन्ही वेळा एकशे सत्तावीस!"

"तुला गणितात किती पडले होते रे, दादा?" जमिनीवर बसून फडकं झटकत माइतेनं विचारलं.

"गप बस! मोजण्याचा आणि गणिताचा काय संबंध?"

"तुझं असंच असतं, म्हणूनच विचारलं."

येर्को तेरा वर्षांचा आणि त्याची बहीण माइते दहाची. उन्हाळ्याची सुटी लागल्यापासून दोघांचं हे असंच चाललेलं होतं, आणि सुटी संपेपर्यंत असंच चालणार होतं. त्यांची मैत्रीण दानित्सा दोघांच्या मधली, बारा वर्षांची. ती उंच स्टुलावर मांडीवर जाडजूड वही घेऊन बसली होती. स्टूल तिच्या आजोबांचं होतं आणि वहीही त्यांचीच. अख्खं सान बेनिग्नो गाव तिच्या आजोबांना 'ताता' म्हणायचं. चाळीस वर्षं ते या तांब्याच्या खाणीच्या दिवेघराचे दिवेवाले होते.

दिवेघराची समोरची भिंत म्हणजे एकच लांबलचक फळी. तिच्यावर एकशे चौऱ्याऐंशी खुंट्या, आणि प्रत्येक खुंटीवर पितळेचा एक गोल बिल्ला. बिल्ल्यावर नंबर. खाणीत उतरताना कामगारानं दिवा घ्यायचा, आपला बिल्ला काढून अंगावर ठेवायचा आणि मगच आत जायचं. वर आलं की बिल्ला परत खुंटीवर. सगळ्या खुंट्या भरल्या की ताता दारात येऊन खणखणीत आवाजात पुकारायचे, "एकशे चौऱ्याऐंशी वर! आत कोणी नाही!" बाहेर उभे असलेले सगळे एकदम म्हणायचे, "ऐकलं!" हे झाल्याशिवाय सान बेनिग्नोत कोणी घरी जायचं नाही.

आणि पाळी संपूनही एखादी खुंटी रिकामी राहिली तर? मग भोंगा व्हायचा. लांबच लांब, तीनदा. चुलीवरचं चुलीवर ठेवून बायका धावत यायच्या, शाळा सुटायची, पाद्री यायचे. खुंटी भरेपर्यंत सगळं गाव दारात उभं राहायचं. रिकामी खुंटी म्हणजे कोणीतरी अजून आत आहे.

मागच्याच्या मागच्या डिसेंबरात खाण बंद पडली. शेवटच्या दिवशी सगळ्या खुंट्या भरलेल्या होत्या. ताता त्या फळीकडे असे बघत बसायचे, जसं काही ती त्यांनी स्वतः रंगवली होती.

"सत्तावन्न बिल्ले गायब!" येर्कोचे डोळे चमकले. "सत्तावन्न! ही साधी चोरी नाही, हा दरोडा आहे! दानित्सा, तुला काहीच कसं वाटत नाही गं?"

दानित्साला खरंच काही वाटत नव्हतं. दाढ काढताना इंजेक्शन दिलं की गाल आपला नसल्यासारखा होतो ना, तसं तिचं ऑगस्टपासून आतून झालं होतं. तिकडे ऑगस्ट म्हणजे ऐन थंडी; त्या थंडीत ताता गेले. ती रडली नाही. शाळेत गेली, परीक्षा दिली, पासही झाली. घरं एकेक करून रिकामी झाली, मैत्रिणी कालामा शहरातल्या नव्या वस्तीत राहायला गेल्या, हिनं हात हलवून निरोप दिले. सगळं नीट पार पाडलं. वाटलं मात्र काहीच नाही.

एक गोष्ट तिनं कोणालाच सांगितली नव्हती. दवाखान्यात ताता तिला म्हणाले होते, "दर शनिवारी मोजत जा. फळी पुरी राहिली पाहिजे." तातांच्या मातीनंतरच्या शनिवारी ती किल्ली घेऊन मोजायला आली, तर पहिलीच खुंटी रिकामी! नंबर एक. खुद्द तातांचा बिल्ला. तिनं स्टुलाखाली शोधलं, दिव्यांच्या रांगांमागे शोधलं, कचऱ्याचा डबा उलटा केला. मिळाला नाही. आठवडाभर किल्ली तिच्याच घरात होती, म्हणजे हरवला तो तिच्याच हातून. तिनं कुलूप लावलं, किल्ली कंपनीच्या साहेबांना नेऊन दिली आणि परत कधी मोजायला आली नाही. आज पाच महिन्यांनी आली होती, आणि एकाचे सत्तावन्न झाले होते.

"इकडे बघा!" माइते जमिनीला नाक लावून ओरडली. "धुळीत पाय आहेत!"

वाळवंटातली धूळ ती! घट्ट बंद खिडकीतूनही आत येते आणि पिठासारखी पसरते. तिच्यावर पावलं स्पष्ट उठली होती. बुटांची, चपलांची. एक उंच टाचेची. एका पावलाशेजारी काठीचे गोल ठिपके. आणि दाराजवळ चार बारीक चाकोऱ्या.

"टोळी आहे," येर्को दबक्या आवाजात म्हणाला. "एक लंगडा, एक बाई, आणि एक... गाडीवाला."

"बाबागाडी आहे ती," माइते म्हणाली. "बाळाला घेऊन दरोडा घालायला आले होते का रे, दादा?"

"तू अजून लहान आहेस. चोर वेषांतर करतात!"

"बाळाचं?"

येर्कोनं तिच्यावर फडकं फेकलं. ते चुकवायला माइते भिंतीशी खाली वाकली, आणि तशीच वाकून राहिली. "दानित्सा, इथं काहीतरी लिहिलंय. पेन्सिलीनं."

अगदी खालच्या रांगेत एका रिकाम्या खुंटीखाली वेडंवाकडं लिहिलेलं होतं : माफ करा, ताता.

दानित्सानं खुंटीचा नंबर बघितला आणि वही उघडली. "एकशे चाळीस. तुलिओ कार्कामो."

"भंगारवाले तुलिओकाका!" येर्कोनं मांडीवर थाप मारली. "पितळ! भंगार! सापडला चोर!"

"पण ही खुंटी त्यांचीच आहे," दानित्सा हळूच म्हणाली. "स्वतःच्याच वस्तूची कोणी चोरी करतं का? आणि तिथं बघ." कोपऱ्यात तांब्याच्या तारेची दोन मोठी वेटोळी पडली होती. "भंगारासाठी आलेला माणूस ते सोडून बिल्ला नेईल?"

येर्कोला ते पटलं नाही. हातात आलेला चोर सोडून द्यायचा, हे त्याच्या स्वभावात नव्हतं.

आधी साहेबांना सांगायचं ठरलं. वर्गारा साहेब कंपनीतर्फे गाव रिकामं करून घ्यायला आले होते. उत्तरेकडून दुसऱ्या खाणीचा फेकून दिलेला दगड गावावर डंपरनं ओतत आणत होते. बेकरी गाडली गेली होती, आता चौथी गल्ली चालू होती. दिवेघराचा नंबर सोमवारी. त्याआधी, शनिवारी, शहरातल्या संग्रहालयाच्या पिनेदा बाई ट्रक घेऊन येणार होत्या आणि फळी घेऊन जाणार होत्या. फळी झाडूनपुसून ठेवायचं काम साहेबांनी मुलांना दिलं होतं. फुकटात होणारी कामं साहेबांना फार आवडायची.

"सत्तावन्न?" साहेबांनी कागदांवरून डोळेही उचलले नाहीत. "बरं. मग फळी जाणार नाही."

"जाणार नाही म्हणजे?" येर्को.

"संग्रहालयाचं पत्र आलंय. 'संपूर्ण फळी' असं लिहिलंय. अपूर्ण वस्तू पाठवता येत नाही. सोमवारी दिवेघराबरोबर जाईल."

"दगडाखाली?"

"मग काय डोक्यावर घेऊ? जा, खेळा जा."

"साहेब, तुम्ही पत्र पूर्ण वाचलं का?" माइतेनं विचारलं.

"पहिल्या ओळीत सगळं कळतं," साहेब म्हणाले. दिवेघराला कुलूप घालायला ते स्वतः मुलांबरोबर आले. कुलूप दोनदा ओढून बघितलं, आणि किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला टांगून जेवायला निघून गेले.

मुलं खिळ्याकडे बघत राहिली.

"म्हणजे पाच महिने किल्ली इथंच?" येर्को म्हणाला.

"कोणीही यावं आणि उघडावं," माइते म्हणाली.

फळी गेली तर काय जाईल, ते दानित्साला पक्कं माहीत होतं. ताता होते, त्यांनी रोज इतकी माणसं मोजून वर घेतली, याची दुसरी कुठलीच खूण कुठे उरणार नव्हती. घर पडणार होतं आणि गल्ली जाणार होती. हे सगळं ती स्वतःशी नीट म्हणू शकत होती, भूगोलाच्या उत्तरासारखं. आपल्यात काही बिघडलं आहे का, असं तिला वाटून गेलं.

दुपारी एकला रोजचं वारं सुटलं. तेवढ्यात भंगाराची तीनचाकी ढकलत तुलिओकाका रिकाम्या घरांतले नळ काढायला निघाले. तिघं मागावर निघाली. येर्को भिंतीला चिकटून, मग धावत, मग पुन्हा चिकटून.

"काय करतोयस?" माइतेनं विचारलं.

"लपतोय!"

"गल्लीत आपण तिघंच आहोत. आणि काकांनी मघाशीच तुला हात केला."

काका घरी पोचले, अंगणात चहा ओतून बसले, पाव फोडून त्यावर अव्होकाडो लावायला लागले. सदऱ्याचं वरचं बटण उघडं होतं. गळ्यात दोऱ्याला काहीतरी पिवळं चमकत होतं.

"हात वर!" येर्कोनं कुंपणावरून उडी मारली. पण पलीकडे पत्र्याच्या जुन्या टबांची चळत होती. टब गडगडत अंगणभर गेले, शेवटचा येर्कोच्या डोक्यावर बसला.

"ये बाबा, ये," तुलिओकाका शांतपणे म्हणाले. "दार उघडंच होतं. पाव खाणार?"

"तुमच्या गळ्यात काय आहे ते आधी सांगा!" टबातून आवाज आला.

काकांनी बिल्ला हातात धरला. चेहरा उतरला. "हा? हा माझा. एकशे चाळीस. एकतीस वर्षं मी याच्याबरोबर खाली गेलोय आणि याच्याबरोबरच वर आलोय. येत्या सोमवारी माझं सामान कालामाला जाणार. याला एकट्याला टाकून जायचं जिवावर आलं, पोरांनो. एवढ्या बिल्ल्यांत एक गेला तर कोणाला कळणार आहे?"

"आणि बाकीचे छप्पन्न?" माइतेनं विचारलं.

"कुठले छप्पन्न?" काका खरोखरच दचकले. "मी माझा एकच घेतला. देवाशपथ!"

दानित्सानं वही तिथंच जमिनीवर उघडली. रिकाम्या खुंट्यांचे नंबर तिनं कागदावर लिहून आणले होते. ती एकेक नाव वाचत गेली. "ओलिवारेस. सप्टेंबरात गेले. मामानी. तेही सप्टेंबरात. किस्पे, ऑक्टोबर. झामोरा आजी, काठीवाल्या... ऑक्टोबर. रोहास, त्यांना बाळ झालं आणि नोव्हेंबरात गेले." तिनं मान वर केली. "तातांच्या आधी जे गाव सोडून गेले, त्यांतला एकही बिल्ला गेलेला नाही. ताता दारात बसलेले असायचे. नंतर जे गेले, ते सगळे आपापला घेऊन गेले."

"म्हणजे चोर..." येर्कोनं डोक्यावरचा टब काढला.

"चोर कोणीच नाही. प्रत्येकानं एकच घेतला. प्रत्येकाला वाटलं, एकानं काय होतंय."

तुलिओकाका कितीतरी वेळ चहा ढवळत बसले. साखर घालायची राहिलीच होती. "आणि आमचीच रीत बघ," ते शेवटी म्हणाले. "रिकामी खुंटी म्हणजे माणूस आत. आम्ही सगळे आपणहून आत जाऊन बसलो की गं!"

"काका, तो गळ्यात का घातलाय? पेटीत का नाही ठेवला?" माइतेनं विचारलं.

"पेटीत?" काकांना ते भलतंच वाटलं. "बिल्ला एक तर खुंटीवर, नाहीतर अंगावर. तिसरी जागा नाही. तातांनी पहिल्या दिवशी कान धरून शिकवलंय मला!"

संध्याकाळी युनियनच्या कचेरीतल्या फोनवरून येर्कोनं कालामाला तीन घरी फोन लावले. पोलिसी आवाजात बोलला, तिथंच घोटाळा झाला. ओलिवारेस म्हणाले, आम्ही? छे छे! किस्पेंची मुलगी म्हणाली, कसला बिल्ला? झामोरा आजींनी तर, "तुझ्या आईला सांगते थांब, म्हाताऱ्या बाईवर आळ घेतोस!" म्हणून फोन आपटला.

"सगळे खोटं बोलतायत!" येर्को संतापला.

"लाज वाटतेय त्यांना," दानित्सा म्हणाली. "एकेकाला विचारलं तर कोणी कबूल होणार नाही. सगळ्यांना एकदम बोलवायला पाहिजे. शनिवारी सगळे येणारच आहेत."

शनिवारी गावाचा निरोप होता. आधी मास, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, मग बँड, मग अविवाहित विरुद्ध विवाहित असा फुटबॉलचा सामना. तो दरवर्षी व्हायचा आणि दरवर्षी भांडणात संपायचा.

"येतील आणि एम्पानादा खाऊन जातील," येर्को म्हणाला. "बिल्ला काय खिशात घेऊन येणारेत?"

"हो," दानित्सा म्हणाली. "अंगावर. तिसरी जागाच नाही. फक्त भोंगा वाजला पाहिजे."

"वर्गारा साहेबांनी दिवेघराची वीज तोडलीय."

दानित्सा उठली. "मी सहा वर्षांची असताना ताता मला दाखवायचे. फळीमागे हातानं फिरवायचा भोंगा आहे. वीज गेली तर असावा म्हणून."

येर्कोनं दोन्ही हात वर केले. "आणि हे तू आत्ता सांगतेस!"

शनिवारी ऊन नुसतं भाजून काढत होतं. कालामाहून बसेस आल्या. मैदानाच्या कडेला पीचचं गार सरबत विकत होते, खाली शिजलेले गहू घातलेलं. दानित्साच्या आईनं सकाळपासून तीनशे एम्पानादा, सारण भरलेल्या करंज्यांसारख्या, भाजल्या होत्या. बाबा दुसऱ्या खाणीवर चौदा दिवसांच्या पाळीला गेलेले, त्यामुळे सगळं तिच्याच अंगावर. दिवेघराच्या दारात वर्गारा साहेब संग्रहालयाच्या ड्रायव्हरला म्हणत होते, "शाळेची घंटा न्या, बँडचं निशाण न्या. फळी नाही. ती अपूर्ण आहे." मग त्यांनी कुलूप घातलं, दोनदा ओढून बघितलं, किल्ली खिळ्याला टांगली आणि सामना बघायला गेले.

"साहेब देवमाणूस आहेत," येर्को म्हणाला आणि किल्ली काढली.

भोंग्याचं हँडल गंजलं होतं. दानित्सा आणि येर्को दोघं लोंबकळली. काहीच होईना. माइतेनं शांतपणे एम्पानादाचा तेलकट कागद खाचेत घासला. हँडल कुरकुरलं, फिरलं, आणि मग तो आवाज वर चढायला लागला.

लांब. एक. दोन. तीन.

मैदानावर विवाहितांना पेनल्टी मिळाली होती. चेंडू ठेवलेला होता, ओलिवारेस मागे सरून धाव घेणार होते. ते तसेच वळले आणि दिवेघराकडे पळत सुटले. गोलकीपर पळाला. रेफ्री शिट्टी तोंडात धरून पळाला. बँडवाल्यांनी ढोल जमिनीवर टाकले. कोणी काही विचारलं नाही, कोणी ओरडलं नाही. पाच मिनिटांत अख्खं गाव दिवेघरासमोर उभं होतं, पुरुष पुढे आणि बायका-मुलं मागे, जसे पूर्वी उभे राहायचे तसे. कोणीही त्यांना रांगा लावायला सांगितलं नव्हतं.

सगळ्यांच्या मागून वर्गारा साहेब धापा टाकत आले. "वीज तोडली होती! मी स्वतः तोडली होती! कोणी वाजवला?"

"श्श!" झामोरा आजींनी त्यांच्या नडगीवर काठी टेकवली. "खुंटी रिकामी आहे. कळत नाही का?"

दानित्सानं तातांचं स्टूल दारात ओढलं आणि वर चढली. एवढे चेहरे तिच्याकडे बघत होते. तिनं वही उघडली आणि ताता वाचायचे तसं, नुसता नंबर वाचला.

"एकशे चाळीस."

तुलिओकाका पुढे आले. टोपी काढली, गळ्यातला दोरा काढला आणि आत जाऊन बिल्ला टांगला. पितळ लाकडावर टक्क वाजलं. एवढी शांतता होती की तो आवाज मागपर्यंत ऐकू गेला.

"त्रेचाळीस."

ओलिवारेसनी मोज्यातून बिल्ला काढला. मान खाली घालून आत गेले. टक्क.

"सहासष्ट."

बाबागाडी ढकलत रोहासची तरुण बायको आली. नवरा दूरच्या खाणीवर होता, त्याचा बिल्ला बाळाच्या दुपट्याला टाचलेला होता. माइतेनं येर्कोला कोपर मारलं. "दरोडेखोर," ती कुजबुजली.

"एकशे सात." झामोरा आजी काठी टेकत निघाल्या. नंबर त्यांच्या नवऱ्याचा; तो जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण तातांनी तो नंबर दुसऱ्या कोणाला दिला नव्हता. पदकासारखा बिल्ला त्यांनी झग्याच्या आतून काढला. येर्कोसमोर थांबून त्या म्हणाल्या, "फोनवर तूच होतास ना रे? आवाज चांगला काढलास. पण बोलायच्या आधी नमस्कार करावा." येर्को लाल झाला.

नंबर पुकारले जात होते, टक्क टक्क वाजत होतं. छप्पन्न वेळा. रेफ्रीचाही एक होता.

मग एकच खुंटी राहिली. दानित्सानं नंबर वाचला नाही. लोक वाट बघत उभे होते. ऊन तापत होतं.

"एक," ती म्हणाली. मग वही मिटून म्हणाली, "तो तातांचा. तो कोणी नेला नाही. माझ्या हातून हरवला. ऑगस्टातच. ते म्हणाले होते मोजत जा, आणि पहिल्याच शनिवारी मी हरवला. मी कोणाला सांगितलं नाही." आवाज सपाट होता, जसं काही दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत होती.

"अगं नाही! दानित्सा, नाही!"

आई गर्दीतून वाट काढत येत होती. हात अजून पिठाचेच होते. "तो मी घेतला. मातीच्या आदल्या दिवशी, तू झोपली होतीस तेव्हा. त्यांच्या कोटाच्या खिशात ठेवला. बिल्ला खुंटीवर नाहीतर अंगावर, आयुष्यभर हेच म्हणत आले ना ते? तो त्यांच्या अंगावर आहे, बाळा."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंच नाहीस. त्या दिवसापासून तू कशाबद्दल काही बोललीच नाहीस गं. मला वाटलं, तुला आठवण नको असेल."

"म्हणजे एक कमीच!" साहेबांना एकदम आठवलं. "फळी अपूर्णच! पत्रात स्पष्ट—"

"पत्र मी लिहिलंय," गर्दीतून एक बाई म्हणाल्या. हातात अर्धी एम्पानादा. त्या पिनेदा बाई होत्या. "पहिली ओळ, 'संपूर्ण फळी पाठवावी.' म्हणजे कापून तुकडा पाठवू नका, अख्खी पाठवा. दुसरी ओळ, 'बिल्ले जसे असतील तसे राहू द्यावेत, काहीही हलवू नये.' दुसरी ओळ वाचलीत का?"

साहेबांनी रुमालानं मान पुसली. माइते काही म्हणणार होती, पण येर्कोनं तिच्या तोंडावर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला ते जमलं.

तुलिओकाका स्टुलाजवळ आले. "दिवेवाल्यानं पुकारल्याशिवाय इथून कोणी हलत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "चल पोरी. लोक खोळंबलेत."

दानित्सानं मागे वळून फळीकडे बघितलं. खुंट्यांच्या रांगा भरल्या होत्या. वरच्या कोपऱ्यात एक लाकडी खुंटी मोकळी होती, चाळीस वर्षं बिल्ला घासून तिच्यावर चकचकीत वर्तुळ पडलेलं. एकशे चौऱ्याऐंशी वर, आत कोणी नाही, हे शब्द तिला पाठ होते. पण ते आता खरे नव्हते, आणि खोटी मोजणी तातांना खपली नसती.

"एकशे त्र्याऐंशी वर!" तिनं पुकारलं. मग श्वास घेतला. "एक आत."

कोणी हललं नाही. आणि मग सगळं गाव एकदम म्हणालं, "ऐकलं!"

तो आवाज तिच्या छातीत येऊन आदळला. इंजेक्शन उतरलं की दाढ ठणकायला लागते, तसं आतून काहीतरी ठणकायला लागलं. ताता आत होते. ते वर येणार नव्हते. हे तिला आज, या क्षणी, पहिल्यांदा समजलं, आणि ती स्टुलावर उभ्या उभ्याच मोठमोठ्यानं रडायला लागली. आईनं तिला खाली ओढून पिठाच्या हातांनी कवेत घेतलं. फार दुखत होतं. पण ते दुखणं तिचं स्वतःचं होतं, आणि थांबावं असं तिला वाटत नव्हतं.

पुरुषांनी फळी खांद्यावर घेतली आणि मिरवणुकीत मूर्ती नेतात तशी सावकाश ट्रककडे नेली. एकही बिल्ला पडला नाही. पिनेदा बाईंनी मुलांची नावं वहीत लिहून घेतली. झामोरा आजींनी तिघांचे गाल ओढले आणि ओलिवारेसनी येर्कोला पेनल्टी मारायला दिली. ती त्यानं बाहेर मारली.

तुलिओकाका मात्र ट्रक निघेपर्यंत दानित्साजवळ उभे होते. ताता कधी कोणाची फारशी स्तुती करायचे नाहीत. काम चोख झालं की दोनच शब्द म्हणायचे, आणि ते ऐकायला माणसं महिनोन् महिने वाट बघायची. काकांनी टोपी काढून छातीशी धरली.

"मोजणी बरोबर," ते म्हणाले.